विल्यम बेटसन (१८६१–१९२६) : एका शास्त्राचे नामकरण करणाऱ्याचे चरित्र

१. उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
- विल्यम बेटसन यांच्या जीवनाचे प्रमुख टप्पे सांगता येतील.
- ‘होमिओसिस’ ही संकल्पना सोप्या मराठीत समजावून देता येईल.
- नव्या ज्ञानशाखेत परिभाषा कशी घडते, हे उदाहरणांसह विशद करता येईल.
- चरित्रनायकाचे गुण आणि मर्यादा यांचा समतोल विचार करता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या अभ्यासक्रमात एका इंग्रज जीवशास्त्रज्ञाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दुहेरी आहे. शास्त्रज्ञांची चरित्रे हा मराठी चरित्रवाङ्मयाचा एक महत्त्वाचा प्रवाह आहे आणि तशी चरित्रे लिहिताना परिभाषेचा प्रश्न लेखकापुढे सतत उभा राहतो. शिवाय, बेटसन हे स्वतः शब्द घडविणारे शास्त्रज्ञ होते. आज आपण जिला ‘आनुवंशिकी’ म्हणतो त्या शास्त्राला ‘जेनेटिक्स’ हे नाव त्यांनी दिले.

गोंदिया शहरालगतच्या कुडव्यासारख्या गावात पिकलेल्या केळ्यांवर किंवा मोहफुलांच्या टोपलीवर घोंघावणारी बारीक चिलटे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांतलाच एक कीटक, ड्रॉसोफिला, जगभरच्या प्रयोगशाळांत शंभराहून अधिक वर्षे अभ्यासला जात आहे. मराठी ग्रंथांत त्याला ‘फळमाशी’ म्हणतात; मात्र आंब्याला किंवा वेलवर्गीय भाज्यांना डंख करणारी, शेतकऱ्याच्या बोलण्यातील ‘फळमाशी’ ही वेगळ्या कुळातील, आकाराने मोठी माशी आहे. एका शब्दाचे हे दोन अर्थ वाचकाने वेगळे ठेवले पाहिजेत. ड्रॉसोफिलाच्या शरीरात पंखाच्या जागी पंख आणि पायाच्या जागी पाय का येतो, या प्रश्नाचे उत्तर ज्या जनुकांनी दिले त्यांना ‘होमिओटिक जनुके’ म्हणतात. या नावामागचा मूळ शब्दही बेटसन यांचाच. त्यांनी तो १८९४ मध्ये घडविला. त्या वेळी ‘जनुक’ ही संकल्पनाच रूढ नव्हती आणि ड्रॉसोफिला अद्याप प्रयोगशाळेत आली नव्हती.

३. विषय-विवेचन

३.१ घराणे आणि शिक्षण

विल्यम बेटसन यांचा जन्म ८ ऑगस्ट १८६१ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील व्हिटबी या बंदराच्या गावी झाला. वडील विल्यम हेन्री बेटसन हे केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाचे प्रमुख होते. आई अ‍ॅना आणि बहिणी स्त्रियांच्या शिक्षणाच्या व मताधिकाराच्या चळवळीत सक्रिय होत्या. त्यांपैकी मेरी पुढे इतिहासकार म्हणून नावारूपास आली. घरातील हा संस्कार विल्यम यांच्या आयुष्यात शेवटपर्यंत टिकला.

रग्बी येथील शाळेत मात्र या मुलाने कोणतीही चमक दाखविली नाही. तो पुढे काय करील याविषयी शिक्षकांना फारशी आशा नव्हती आणि गणितात तर तो विशेष कच्चा होता. सेंट जॉन्स महाविद्यालयात निसर्गविज्ञान हा विषय घेतल्यावर चित्र बदलले. १८८३ मध्ये ते प्रथम श्रेणीत पदवीधर झाले. गणिताशी असलेले वैर मात्र मिटले नाही. पुढे संख्याशास्त्राच्या बळावर आनुवंशिकतेचा अभ्यास करू पाहणाऱ्या गटाशी त्यांचा जो संघर्ष झाला, त्याची एक मुळी येथे सापडते.

३.२ समुद्रकिनाऱ्यापासून स्टेपपर्यंत

पदवीनंतर बेटसन अमेरिकेला गेले. १८८३ आणि १८८४ अशा दोन उन्हाळ्यांत त्यांनी बॅलॅनोग्लॉसस या वाळूत राहणाऱ्या कृमिसदृश सागरी प्राण्याच्या गर्भविकासाचा अभ्यास केला. दिसायला गांडुळासारख्या या प्राण्याचे पृष्ठवंशीय प्राण्यांशी दूरचे नाते आहे, हे त्यांनी दाखविले. या कामामुळे तरुण वयातच त्यांची कीर्ती झाली आणि महाविद्यालयाची अधिछात्रवृत्तीही मिळाली.

याच मार्गाने पुढे जाणे सोयीचे होते. त्या काळी गर्भविकासावरून प्राण्यांची वंशावळ रचणे ही जीवशास्त्राची मुख्य वाट होती. बेटसन यांना तिच्याविषयी शंका वाटू लागली. डार्विन यांच्या सिद्धान्तानुसार उत्क्रांतीचा कच्चा माल म्हणजे एकाच जातीच्या प्राण्यांत आढळणारे भेद. परंतु हे भेद मुळात उद्भवतात कसे, याकडे कोणी लक्ष देत नव्हते. मग त्यांनी १८८६-८७ मध्ये मध्य आशियातील अरल समुद्राच्या परिसरात दीर्घ भ्रमंती केली. तेथे कमी-अधिक क्षारांची अनेक सरोवरे होती. परिस्थिती बदलते तसे प्राण्यांचे रूप बदलत जाते का, हे शिंपल्यांच्या निरीक्षणातून त्यांना पाहायचे होते. परिस्थितीतील बदल आणि रूपातील बदल यांचा सरळ, सर्वत्र लागू पडणारा मेळ त्यांना दिसला नाही. भेदाचे कारण बाहेर शोधण्यापेक्षा शरीराच्या आतील रचनेत शोधावे, हा विचार येथून बळावला.

३.३ १८९४ चा ग्रंथ आणि ‘होमिओसिस’

पुढील काही वर्षे बेटसन यांनी संग्रहालये, खासगी संग्रह आणि जुनी नियतकालिके पिंजून काढली. सर्वसाधारण संग्राहक ज्यांना विकृत किंवा विचित्र म्हणून बाजूला ठेवत, नेमके तेच नमुने त्यांनी गोळा केले. त्यांतील ८८६ उदाहरणांची क्रमवार मांडणी करून १८९४ मध्ये ‘मटीरियल्स फॉर द स्टडी ऑफ व्हेरिएशन’ हा विशाल ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. ग्रंथ फारसा खपला नाही. तरीही त्याच्यातील एक शब्द त्याच्या कर्त्यापेक्षाही दीर्घायुषी ठरला.

बेटसन यांनी भेदांचे वर्गीकरण करताना एक वेगळाच प्रकार नोंदविला. काही नमुन्यांत एखादा अवयव नुसता वाकडा, आखूड किंवा अपुरा नव्हता. त्याच्या जागी त्याच मालिकेतील दुसराच अवयव व्यवस्थित घडलेला होता. करवतमाशीच्या एका नमुन्यात डावी शृंगिका, म्हणजे डोक्यावरील स्पर्शेंद्रिय, टोकाला पावलासारखी झाली होती. एका मोठ्या शेवंड्याच्या डोळ्याच्या देठातून शृंगिकेसारखा अवयव फुटला होता. मनुष्याच्या मानेच्या मणक्याला, जेथे एरवी बरगडी नसते तेथे, बरगडी आढळल्याची उदाहरणेही त्यांनी दिली.

या घटितासाठी वनस्पतिशास्त्रात एक जुनी संज्ञा होती, परंतु तिचे ‘मेटॅमॉर्फॉसिस’ या शब्दाशी साम्य होते आणि तो शब्द सुरवंटाचे फुलपाखरू होण्यासारख्या रूपांतरासाठी रूढ होता. एका शब्दावर दोन अर्थांचे ओझे टाकणे बेटसन यांनी नाकारले. ‘सदृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ‘होमिओसिस’ ही नवी संज्ञा घडविली. एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीसारखी होणे, हा तिचा आशय.

भाषेच्या अभ्यासकाला ही कल्पना अपरिचित वाटू नये. घाईत बोलताना ‘पाटावरचे ताट’ याऐवजी कोणी ‘ताटावरचा पाट’ म्हणतो. या चुकीत ‘पाट’ आणि ‘ताट’ हे दोन्ही शब्द शाबूत आहेत. फक्त जागा बदलल्या आहेत. प्रत्यय मात्र आपल्याच जागी राहिले आहेत. ‘पाट’ पुल्लिंगी असल्याने ‘चे’चा ‘चा’देखील झाला आहे. म्हणजे शब्द निवडणे आणि शब्दाची जागा ठरविणे ही मनातील दोन निराळी कामे आहेत, हे त्या चुकीमुळे कळते. बेटसन यांच्या विचित्र नमुन्यांचे महत्त्व हेच होते. अवयव घडविणे वेगळे आणि तो कोठे घडवायचा हे ठरविणे वेगळे, अशी शंका घेण्यास या नमुन्यांनी जागा दिली. नियम जेथे मोडतो तेथे नियमाची ओळख पटते, ही त्यांच्या अभ्यासपद्धतीची गुरुकिल्ली होय.

> स्वयं-अध्ययन प्रश्न – १
> (अ) बेटसन यांनी जुनी संज्ञा नाकारून नवी संज्ञा का घडविली?
> (आ) होमिओसिस आणि साधी शारीरिक विकृती यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.

३.४ मेंडेल यांचा कैवार

१९०० मध्ये यूरोपातील संशोधकांनी ग्रेगोर मेंडेल यांचा १८६६ चा विस्मृत निबंध पुन्हा प्रकाशात आणला. त्या वर्षी मे महिन्यात लंडनला व्याख्यानासाठी जाताना बेटसन यांनी तो आगगाडीतच वाचला आणि तेथल्या तेथे आपले व्याख्यान बदलले, अशी हकीकत त्यांच्या पत्नीने पुढे सांगितली. त्या दिवशी त्यांच्या हाती मेंडेल यांचा मूळ निबंध नसून त्यावर आधारलेला नवा लेख असावा, असे काही इतिहासकारांचे मत आहे. चरित्रवाङ्मयात अशा आख्यायिका वारंवार भेटतात. त्या नाकारण्याऐवजी पारखून घेणे हे चरित्रकाराचे काम असते.

एवढे मात्र निश्चित की, यानंतर बेटसन मेंडेल यांचे इंग्लंडमधील सर्वांत कडवे समर्थक बनले. १९०२ मध्ये त्यांनी मेंडेल यांच्या बचावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. विरोधात होते कार्ल पिअर्सन आणि बेटसन यांचे एकेकाळचे मित्र वेल्डन. आनुवंशिक भेद सलग, सूक्ष्म असतात आणि ते मोजमापाने अभ्यासावेत, हे त्यांचे मत. भेद ठळक आणि तुटक असतात, हे बेटसन यांचे. १९०४ मध्ये केंब्रिज येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत या दोन पक्षांची जाहीर खडाजंगी झाली. १९०६ मध्ये वेल्डन अकाली निवर्तले. वाद सरला, पण मैत्री त्यापूर्वीच संपली होती. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते आणि त्यांचा मेळ बसतो, हे पुढच्या पिढीने सिद्ध केले.

हे सर्व काम अत्यल्प पैशात चालले होते. उपजीविकेसाठी बेटसन महाविद्यालयाच्या भोजनव्यवस्थेचा कारभार पाहत आणि ग्रँटचेस्टर येथील घराच्या आवारात कोंबड्या व वाटाणावर्गीय झाडे वाढवून प्रयोग करीत. पत्नी बिअ‍ॅट्रिस या प्रयोगांत बरोबरीने राबत असत. त्यांचे खरे बळ होते न्यूनॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयातील संशोधिका : एडिथ सॉन्डर्स, म्युरिएल व्हेल्डेल आणि इतर. स्त्रियांना केंब्रिजची पदवी मिळावी, या मागणीला बेटसन यांचा पाठिंबा होता. ती मागणी मान्य होण्यास १९४८ साल उजाडले. पदवीचा हक्क नसलेल्या स्त्रियांच्या श्रमांवर एका नव्या शास्त्राचा पाया रचला गेला, ही नोंद या चरित्रातून वगळता येणार नाही.

३.५ शब्दांची टाकसाळ

नव्या शास्त्राला नवे शब्द हवे होते. ‘होमोझायगोट’, ‘हेटरोझायगोट’, ‘अ‍ॅलिलोमॉर्फ’ या संज्ञा बेटसन यांनी प्रचारात आणल्या. त्यांपैकी शेवटची पुढे ‘अ‍ॅलील’ अशी आखूड झाली. १९०५ च्या एप्रिलमध्ये लिहिलेल्या एका खासगी पत्रात त्यांनी या शास्त्रासाठी ‘जेनेटिक्स’ हे नाव सुचविले आणि १९०६ मध्ये लंडनच्या परिषदेत ते जाहीरपणे मांडले. ‘जीन’ हा शब्द त्यानंतरचा. तो १९०९ मध्ये डेन्मार्कचे योहानसेन यांनी दिला. शास्त्राचे नाव आधी आणि त्याच्या मूलघटकाचे नाव नंतर, असा हा उलटा क्रम आहे. विद्यापीठात ग्रीक भाषेची सक्ती कायम राहावी, असा आग्रह धरणाऱ्यांत बेटसन होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय ठरते.

मराठीने या संज्ञा कशा स्वीकारल्या, हे पाहण्यासारखे आहे. ‘आनुवंशिकी’ हे नाव ‘वंश’ या शब्दावरून सिद्ध झाले. ‘जीन’साठी आपण ‘जनुक’ म्हणतो. ग्रीक भाषेतील ‘गेन’ आणि संस्कृतातील ‘जन्’ हे धातू एकाच मूळ भारत-यूरोपीय धातूपासून आलेले आहेत. त्यामुळे ‘जनुक’ हा शब्द ध्वनी आणि अर्थ या दोन्ही अंगांनी मूळ संज्ञेजवळ राहतो. ‘होमिओसिस’ला मात्र सर्वमान्य मराठी पर्याय रूढ झालेला नाही, म्हणून या घटकात मूळ शब्दच ठेवला आहे.

३.६ माश्यांची खोली आणि मताची कसोटी

१९०८ मध्ये बेटसन केंब्रिज येथे प्राध्यापक झाले. १९१० मध्ये ते लंडनजवळील जॉन इनेस उद्यानविद्या संस्थेचे संचालक बनले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. त्याच वर्षी त्यांनी रेजिनल्ड पनेट यांच्यासह ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ सुरू केले. या नियतकालिकाचा पुढचा प्रवास आपल्या देशाशी जोडलेला आहे. १९५७ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन भारतात स्थायिक होण्यास आले, तेव्हा ते त्यांच्याबरोबर भारतात आले. १९८५ पासून बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी ते प्रसिद्ध करते.

याच काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एका छोट्या खोलीत टॉमस हंट मॉर्गन आणि त्यांचे तरुण विद्यार्थी दुधाच्या बाटल्यांत ड्रॉसोफिला वाढवीत होते. १९१० मध्ये त्यांना पांढऱ्या डोळ्यांची एक माशी मिळाली. तिच्या संततीच्या अभ्यासातून मॉर्गन या निष्कर्षाप्रत आले की, जनुके पेशीतील गुणसूत्रांवर असतात.

बेटसन यांनी हे मान्य केले नाही. त्यांच्यासाठी हा प्रसंग अधिकच अवघड होता. काही गुण पिढ्यान्‌पिढ्या जोडीने उतरतात, हे गोड वाटाण्याच्या फुलांचा रंग आणि परागकणांचा आकार यांवरून त्यांनी, सॉन्डर्स आणि पनेट यांनीच आधी दाखवून दिले होते. त्याचे कारण मात्र त्यांना बरोबर सांगता आले नव्हते. एकाच गुणसूत्रावरील शेजारी म्हणून ते गुण एकत्र उतरतात, हा मॉर्गन यांचा सोपा खुलासा बेटसन यांना भौतिकवादी आणि ओबडधोबड वाटे. प्राण्याच्या शरीरातील खंडांची पुनरावृत्ती त्यांना वाळूवर उमटणाऱ्या लहरींसारखी भासत असे. वंशाचे रहस्य एखाद्या कणात नसून गतीत व लयीत असावे, अशी त्यांची धारणा होती. त्या धारणेच्या मोहाने त्यांना डोळ्यांसमोरचा पुरावा दीर्घकाळ दिसू दिला नाही.

डिसेंबर १९२१ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी गुणसूत्रे स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिली. त्यानंतर टोरँटो येथील भाषणात, साठ वर्षांच्या या नामांकित शास्त्रज्ञाने श्रोत्यांसमोर आपला विरोध मागे घेतला आणि तरुण अमेरिकी संशोधकांचे श्रेय मान्य केले. मनातील शंका पूर्णपणे मावळल्या नाहीत. तरीही परतल्यावर त्यांनी आपल्या संस्थेत गुणसूत्रांच्या अभ्यासाला जागा करून दिली.

> स्वयं-अध्ययन प्रश्न – २
> (अ) बेटसन यांचा गुणसूत्र सिद्धान्ताला विरोध का होता?
> (आ) त्यांच्या १९२१ मधील कृतीचे मूल्यमापन आपण कसे कराल?

३.७ कौटुंबिक आघात आणि अखेर

बेटसन दांपत्याला तीन मुलगे होते. थोरला जॉन पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्धविरामाला महिनाभर अवकाश असताना मारला गेला. मधल्या मार्टिनचा ओढा काव्य-नाटकाकडे होता, तर वडिलांना त्याने विज्ञानात यावे असे वाटे. २२ एप्रिल १९२२ रोजी, जॉनच्या वाढदिवशी, मार्टिनने लंडनमध्ये आत्महत्या केली. टोरँटोच्या भाषणाला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या पित्याला स्वतःच्या मुलाची वाट ओळखता आली नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तथापि एका मृत्यूचे एकच कारण ठरविण्याचा अधिकार चरित्रकाराला नसतो. धाकटा ग्रेगरी, ज्याचे नाव मेंडेल यांच्यावरून ठेवले होते, पुढे मानववंशशास्त्र आणि संज्ञापनविचार यांत जगद्विख्यात झाला.

१९२२ मध्ये देऊ केलेला ‘सर’ हा किताब बेटसन यांनी नाकारला. ८ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांचे निधन झाले.

३.८ शब्दाचे उत्तरायुष्य

‘होमिओसिस’ या शब्दाला प्रयोगशाळेत अर्थ लाभण्याची सुरुवात बेटसन यांच्या हयातीतच झाली होती. १९१५ मध्ये मॉर्गन यांचे विद्यार्थी कॅल्व्हिन ब्रिजेस यांना एक आगळी माशी सापडली. माशीच्या छातीचे तीन खंड असतात. दुसऱ्या खंडावर पंखांची जोडी असते. तिसऱ्यावर उडताना तोल सांभाळणारे, गदेच्या आकाराचे दोन चिमुकले अवयव असतात. ब्रिजेस यांच्या माशीत हे तोलक अंशतः पंखांसारखे झाले होते. तिला ‘बायथोरॅक्स’ असे नाव मिळाले.

कॅलिफोर्नियातील एडवर्ड लुईस यांनी या एका विकाराचा पाठपुरावा अनेक दशके केला. निवडक उत्परिवर्तने एकत्र आणून त्यांनी पूर्ण चार पंखांची माशी निर्माण केली. त्यावरून उलगडा झाला तो असा : तिसऱ्या खंडात ‘अल्ट्राबायथोरॅक्स’ हे जनुक पंखाच्या घडणीला आवर घालते, म्हणून तेथे तोलक तयार होतो. त्या खंडात हे जनुक निकामी झाले, तर तो खंड दुसऱ्या खंडाचे रूप घेतो आणि तेथे पंख उगवतो. ‘अँटेनापीडिया’ या जनुकाचे उलट घडते. ते डोक्यात अवेळी, अस्थानी जागे झाले की शृंगिकेच्या जागी पाय येतो. करवतमाशीच्या शृंगिकेवर बेटसन यांनी नोंदविलेल्या पावलाची आठवण येथे सहज व्हावी. लुईस यांना आणखी एक आश्चर्य दिसले : ही जनुके गुणसूत्रावर ज्या क्रमाने मांडलेली आहेत, त्याच क्रमाने ती डोक्याकडून शेपटाकडे शरीराचे खंड ठरवितात.

१९८४ मध्ये या जनुकांत १८० अक्षरांचा एक समान तुकडा असल्याचे प्रसिद्ध झाले. त्याला ‘होमिओबॉक्स’ म्हणतात. बेटसन यांचा शब्द येथेही आलाच. या तुकड्यापासून बनणारा प्रथिनाचा भाग डीएनएला चिकटतो आणि प्रथिन इतर जनुकांना चालू-बंद करते. तसाच तुकडा बेडूक, उंदीर आणि माणूस यांच्यातही सापडला. माशीत अशी आठ प्रमुख, म्हणजे ‘हॉक्स’, जनुके असतात, तर माणसात चार समूहांत मिळून ३९. उंदरांत त्यांच्यात फेरफार केल्यास मणक्यांची आणि बरगड्यांची ओळख बदलते. १९९५ चे नोबेल पारितोषिक लुईस यांना क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांच्यासमवेत मिळाले.

महाराष्ट्राशीही या परंपरेचा संबंध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पुढे तेथे ड्रॉसोफिलाच्या गंध व रुची या संवेदनांवर मोलाचे संशोधन झाले. पुण्याच्या ‘आयसर’ या संस्थेत एल. एस. शशिधर यांच्या प्रयोगशाळेने अल्ट्राबायथोरॅक्स जनुक पंखाऐवजी तोलक कसा घडविते, याच प्रश्नाचा अभ्यास केला.

४. सारांश

विल्यम बेटसन यांनी इतरांनी टाकून दिलेल्या अपवादांकडे गांभीर्याने पाहिले, मेंडेल यांना इंग्लंडमध्ये स्थान मिळवून दिले आणि नव्या शास्त्राला भाषा दिली. गुणसूत्रांच्या बाबतीत ते चुकले; ती चूक दीर्घकाळ टिकली, परंतु पुरावा पाहिल्यावर त्यांनी जाहीरपणे माघार घेतली. ज्या माश्यांच्या खोलीला त्यांनी विरोध केला, त्याच खोलीतून त्यांच्या शब्दाला आशय मिळाला. शब्द नेमका असेल तर तो त्याच्या कर्त्याच्या मतांपेक्षा अधिक काळ टिकतो, हे या चरित्रातून दिसून येते.

५. स्वाध्याय

(१) ‘नियम जेथे मोडतो तेथे नियमाची ओळख पटते’ या विधानाची चर्चा बेटसन यांच्या १८९४ च्या ग्रंथाच्या आधारे करा.
(२) चरित्रकाराने आख्यायिका आणि कौटुंबिक शोकांतिका कशा हाताळाव्यात, ते या घटकाच्या आधारे लिहा.
(३) ‘होमिओसिस’साठी एक मराठी पारिभाषिक शब्द सुचवा आणि त्याचे समर्थन करा.
(४) उपक्रम : फळांवर घोंघावणाऱ्या बारीक कीटकांना आपल्या परिसरातील बोलीत कोणकोणते शब्द आहेत, ते वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा आणि त्यांच्या अर्थच्छटा लिहा.